जागल्या

हात बरा आहे.
हे मला सगळ्यांनी सांगून झालंय:
एक्स-रेच्या काळ्या फिल्मनं, दोन हाडांच्या डॉक्टरांनी,
डाळमिलच्या मुकादमानं,
भरपाईच्या कागदावरच्या निळ्या शिक्क्यानं.
पट्ट्यात हात गेला त्याला नऊ वर्षं झाली.
टाके चौदा. चाळीस दिवसांत जखम भरली.
आता तिथं नुसती पांढरी रेघ आहे,
तुरीच्या शेंगेएवढी, जराशी वाकडी.

तरी पंख्याचं वारं लागलं की पोळतं.
पदर घासला की पोळतं.
नातीनं एकदा कोंबडीचं पीस फिरवलं
गुदगुल्या करायच्या म्हणून,
आणि मी तिला फाडकन मारलं.
त्या हातानं नाही. दुसऱ्या.

"दुखलालंय तर दिसंना कसं?" जाऊ विचारते.
मलाही तेच विचारायचं होतं.

गंजगोलाईच्या मागं, खाली चपलांचं दुकान,
वर डॉक्टर तस्नीम बसतात.
चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी तारा काढल्या,
हातापासून कण्यात, कण्यातून डोक्यात.
एवढं मला ठाऊक होतं. तार तुटली, तार जुळली.
मग तारांमधल्या कोऱ्या जागेत
त्या ठिपके देत बसल्या. लई वेळ.
बाहेर नंबर लावलेली माणसं खोकत होती.

"ह्या ग्लिया पेशी. आधी वाटायचं, नुसता डिंक आहे,
तारा धरून ठेवायला."
डिंक म्हटल्यावर मला आमच्या बांधावरची बाभळ दिसली,
खरचटलं तिथंच पाझरणारी.
"पण ह्या राखण करतात.
एरवी बारीक फांद्या पसरून
सगळीकडं चाचपत असतात, गुमान.
तारेला इजा झाली की फांद्या आखडून गोल होतात,
हाका घालतात. त्या हाकांनी
चांदणीसारख्या दुसऱ्या पेशी उठतात.
पुढं जखम भरते,
पण ह्यांच्यापर्यंत ती बातमी पोचत नाही.
तारेला चिमटे काढत राहतात: जागी राहा, जागी राहा."

मी म्हणाले, जागल्या.
त्यांचं पेन थांबलं. शहरातल्या बाई, शब्द नवा होता.
मग सांगितलं निवृत्ती तात्याचं:
खांद्यावर घोंगडं, हातात कंदील,
वेशीपासून वेशीपर्यंत रात्रीतून तीन हाका.
"ह्यांना निजवायचं औषध हाय का?"
"शोधू लागलेत," म्हणाल्या. "अजून नेमकं नाही."
रात्रीची एक बारकी गोळी दिली.
आणि कापसाचा बोळा: रोज दहा मिनिटं फिरवायचा,
सोसेल तेवढाच.

एक त्यांना सांगितलं नाही.
भूकंपाच्या साली मी तेरा वर्षांची.
औशाकडचं आमचं गाव. भुई हलली ती काही क्षण.
पुढं सरकारचं घर मिळालं, पडणार नाही असं.
बापानं त्यात कांदे भरले.
स्वतः बाहेर, बाजेवर.
पाऊस आला की पत्र्याखाली, थंडीत दोन वाकळा.
कुत्रं भुंकलं की उठून बसायचा.
सडकेनं उसाचा ट्रक गेला
तर लेकरांना दंडाला धरून अंगणात ओढायचा.
आम्ही हसायचो. आई हसायची नाही.
सोळा वर्षं. मेला तोही बाजेवरच,
कांद्यांवर पक्कं छत, त्याच्यावर आभाळ.
त्याला कुणी ढोंगी म्हणालं नाही.

काल मी हात वाकळीच्या आत घेतला.
बोटं आधी. मग मनगट.
चटका बसला, दातात पदर धरला.
बाहेर काढला नाही.
शेजारी नात झोपली होती, पाय माझ्या पोटावर टाकून.
आतला तो कंदील घेऊन फिरत होता,
इकडून तिकडं, इकडून तिकडं.
मी म्हणाले, तात्या, बसा घडीभर.
बसला का, माहीत नाही.
पहाटे टँकरच्या भोंग्यानं जाग आली
तेव्हा हात आतच होता.